वाचकांचे प्रश्न : किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्याची वेळ का येते?

डिजिटल सुरक्षेविषयी या सदरासाठी प्रश्न मागवले तेव्हा फसवणुकीच्या तक्रारींचा ढीग येईल अशी माझी अपेक्षा होती. आलेल्या पत्रांतील बरीचशी मात्र वेगळ्याच दुखण्याची निघाली. चोर आत येऊ नये म्हणून लावलेल्या कुलपाने घरमालकालाच दाराबाहेर उभे केले आहे, असा त्यांचा एकूण सूर होता. त्यांतील निवडक प्रश्न आणि उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे जाणीवपूर्वक छापलेली नाहीत.

प्रश्न : मी पूर्णपणे दृष्टिहीन असून अनेक वर्षे स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, साहाय्याने संगणक आणि मोबाइल वापरतो. वाचन, पत्रव्यवहार, हिशेब यांत मला कोणाची मदत लागत नाही. काही संकेतस्थळांवर लॉगइन करताना मात्र चित्रातली वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला सांगतात आणि मी तिथेच अडकतो. आवाजाचा पर्याय असला तरी त्या खरखरीतून काही उमगत नाही. अखेर भाच्याला फोन करून पासवर्ड सांगतो आणि तो माझ्या वतीने आत शिरतो. हा माझा निष्काळजीपणा समजावा का?

उत्तर : मुळीच नाही. खाते वापरणे सोडून द्यायचे किंवा गुपित दुसऱ्याला सांगायचे, अशा दोनच वाटा आपल्यापुढे ठेवलेल्या होत्या आणि त्यांतली चालण्याजोगी वाट आपण धरली. दोष ज्याने ही रचना केली त्याचा आहे, आणि त्याला मी सुरक्षेतलाच दोष म्हणेन, कारण आपला पासवर्ड भाच्याच्या कानी गेला त्या क्षणापासून आपल्या खात्याचे संरक्षण त्याच्या सचोटीवर, त्याच्या फोनवर आणि त्याने तो पासवर्ड घाईत कोठे लिहून ठेवला असेल त्या कागदावरही अवलंबून राहिले. संकेतस्थळाच्या दफ्तरी यातले काहीच उमटत नाही. तेथे पासवर्ड बरोबर, अक्षरे बरोबर आणि प्रवेश मंजूर, एवढीच नोंद राहते.

अक्षरे ओळखायला लावणाऱ्या या परीक्षेला कॅप्चा म्हणतात. लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातून हे नाव सर्वत्र पोहोचले. माणसाला सहज सुटेल आणि यंत्राला सुटणार नाही असा प्रश्न विचारून दोघांना वेगळे करायचे, ही त्यामागची कल्पना होती; मात्र प्रत्यक्षात ती वापरली गेली तेव्हा ज्याला प्रश्न विचारायचा त्या माणसाला डोळे असणारच, हे बहुतेकांनी गृहीत धरले. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने २००५ सालीच एक टिपण काढून ही त्रुटी दाखवून दिली होती. आता तर अक्षरेच काय, रस्त्यावरचे दिवे आणि सायकलीही यंत्रे सराईतपणे ओळखतात, त्यामुळे ही गाळणी खडे खाली सोडते आणि धान्य अडवून धरते अशी गत झाली आहे.

आवाजाच्या पर्यायाचे आपण म्हणता ते खरेच आहे. यंत्राला उलगडू नये म्हणून त्या आवाजात मुद्दाम गोंगाट मिसळलेला असतो, आणि आपण ऐकलेला आकडा टंकू लागलात की आपला स्क्रीन रीडर तो आकडा उच्चारतो, तोवर ध्वनिफितीतला पुढचा आकडा निसटून जातो. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, जे बोटांखालच्या ब्रेल पट्टीवर वाचतात, त्यांच्यासाठी तर हे दोन्ही पर्याय असून नसल्यासारखे आहेत.

याला उपाय आहेत आणि त्यांतील बहुतेक वापरणाऱ्याला कष्टच देत नाहीत. एका ठिकाणाहून ठरावीक वेळात किती प्रयत्न होऊ द्यायचे याला सर्व्हरवर मर्यादा घालता येते, संशयास्पद वर्तन मागच्या मागे तपासता येते. फॉर्ममध्ये एक अदृश्य रकाना ठेवून तो भरणाऱ्याला यंत्र समजण्याची युक्तीही जुनी आहे. परंतु तो रकाना केवळ डोळ्यांपासून लपवला आणि स्क्रीन रीडरपासून लपवायचे राहून गेले, तर आपल्यासारखा वापरकर्ता तो प्रामाणिकपणे भरतो आणि सापळ्यात अडकतो. हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. करणाऱ्याच्या मनात कपट नव्हते, त्याने आपले पान कधी ऐकून पाहिले नव्हते एवढेच.

डब्ल्यू३सीच्या सुगम्यतेच्या, म्हणजे अपंग व्यक्तींनाही संकेतस्थळे वापरता यावीत यासाठीच्या, निकषांची २.२ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यातील ३.३.८ हा निकष सांगतो की लॉगइनसाठी काही पाठ करणे, कोडे सोडवणे किंवा पाहून उतरवणे यांची सक्ती करायची असेल, तर त्याला पर्याय किंवा मदत द्यावी. त्यात वस्तू ओळखण्याच्या चित्रपरीक्षेला सूट ठेवली आहे आणि माझ्या मते ती या निकषातली पळवाट आहे. अधिक कठोर असलेल्या ३.३.९ या निकषात ती सूट नाही. संबंधित सेवेकडे तक्रार करताना या निकषाचा क्रमांक लिहावा, कोणत्या पानावर कोणता स्क्रीन रीडर नेमके काय बोलला तेही लिहावे, कारण मोघम तक्रार टेबलावरून टेबलावर फिरत राहते. ती सेवा पासकीची, म्हणजे पासवर्डविना लॉगइनची, सोय देत असेल तर ती आजच सुरू करावी. पासकीमध्ये गुप्त किल्ली आपल्या उपकरणाकडे राहते, फोन उघडण्याचा जो पिन किंवा ठसा आपण वापरता त्यानेच लॉगइन होते, आणि भाच्याला फोनवरून सांगण्याजोगे काही उरतच नाही.

प्रश्न : मी एका लहान कंपनीत अ‍ॅप तयार करण्याचे काम करते. पासवर्ड पेस्ट करू द्यायचा नाही, टंकलेला पासवर्ड दाखवायचा नाही आणि ५ मिनिटे हालचाल न झाल्यास वापरकर्त्याला बाहेर काढायचे, असा आमच्या सुरक्षा विभागाचा आग्रह आहे. सुगम्यतेसाठी यात ढिलाई मागितली की सुरक्षा कमी होईल असे सांगितले जाते आणि वर ‘असे वापरकर्ते असतात तरी किती?’ असे विचारले जाते. काय उत्तर द्यावे?

उत्तर : आधी मोजणीचा मुद्दा निकालात काढू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १ अब्ज ३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचे अपंगत्व आहे, म्हणजे साधारण ६ माणसांमागे १. हात प्लास्टरमध्ये असलेला, चष्मा घरी विसरलेला किंवा कडेवर मूल घेऊन एका हाताने फोन चालवणारा माणूस या आकड्यात धरलेलाच नाही.

सुरक्षा आणि सुलभता या दोन पारड्यांत बसवायच्या गोष्टी आहेत हा समज सुरक्षाशास्त्राच्या जुन्या जाणत्यांना मान्य नव्हता. ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली लष्करी गुप्तलेखनासाठी सहा अटी मांडल्या. त्यांतील दुसरी अट आजही सर्वत्र सांगितली जाते, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये अशी. सहावीची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. ती सांगते की पद्धत वापरायला सोपी असावी, तिच्यासाठी डोक्याला ताण पडू नये आणि नियमांची लांबलचक यादी ध्यानात ठेवावी लागू नये. १९७५ साली जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी सुरक्षित प्रणालींची जी तत्त्वे मांडली त्यांतही माणसाच्या मनाला सहज पटेल आणि वापरता येईल अशी रचना हे एक तत्त्व आहेच. आपल्या सुरक्षा विभागाला हे दोन दाखले द्यावेत, ते त्यांच्याच घराण्यातले आहेत.

आता एकेक नियम घेऊ. पेस्ट बंद केल्याने पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवणारे अ‍ॅप, निकामी होतो आणि माणूस हाताने टंकता येईल असा लहान, ओळखीचा पासवर्ड ठेवतो. डिस्लेक्सिया (अक्षरे वाचण्या-लिहिण्यातील अडचण) असलेल्या किंवा बोटे थरथरणाऱ्या माणसाला तर २० अक्षरांचा पासवर्ड बिनचूक टंकणे ही शिक्षाच वाटते. अमेरिकेतील निस्ट या मानक संस्थेने २०१७ सालच्या मार्गदर्शिकेत पेस्ट करू द्यावे आणि टंकलेला पासवर्ड पाहण्याची सोय द्यावी असे सुचवले आहे. ‘पासवर्ड दाखवा’ हे बटन असले म्हणजे तो सतत उघडा राहतो असे नव्हे. ते दाबायचे की नाही हे आजूबाजूला कोण बसले आहे ते पाहून वापरणाऱ्यालाच ठरवू द्यावे.

५ मिनिटांच्या मुदतीमागची भीती मला समजते, कारण उघडे राहिलेले खाते धोक्याचे असतेच. पण डोक्याच्या हालचालीने किंवा एकाच कळीने फोन चालवणाऱ्या माणसाला एक फॉर्म भरायला १५ मिनिटेही लागतात, आणि त्याचे चौदाव्या मिनिटाचे काम आपण पुसून टाकतो. सुगम्यतेच्या निकषांत याचा मध्यममार्ग आहे. मुदत संपण्यापूर्वी सूचना द्यावी, ‘थांबा’ म्हणायला किमान २० सेकंद द्यावेत, ते एखाद्या साध्या कृतीने म्हणता यावे आणि अशी वाढ किमान १० वेळा घेता यावी. पुन्हा लॉगइन करावे लागलेच, तर भरलेला मजकूर जसाच्या तसा परत मिळावा. यात चोराचा कोणता फायदा झाला, हे आपल्या सुरक्षा विभागाने सांगावे.

एका बाबतीत मात्र त्यांची चिंता खरी आहे आणि ती आपण नाकारू नये. अँड्रॉइडवर स्क्रीन रीडरसारख्या साधनांना पडद्यावरचे सर्व काही वाचण्याची आणि बटने दाबण्याची परवानगी लागते, आणि बँक खाती लुटणारी घातक अ‍ॅप नेमकी हीच परवानगी वापरणाऱ्याकडून गोड बोलून मिळवतात. त्यावर काही अ‍ॅप सरसकट उपाय करतात: अशी कोणतीही सेवा सुरू दिसली की उघडायलाच नकार. हे चोराच्या भीतीने पाठीवर पिशवी असलेल्या प्रत्येकाला गावबंदी करण्यासारखे झाले. अँड्रॉइड १४ पासून पडद्यावरचा एखादा नाजूक भाग, सुगम्यता साधन म्हणून रीतसर जाहीर झालेल्या सेवांनाच वाचता येईल असे ठरवता येते. काम थोडे वाढते, परंतु फरक करण्याची सोय उपलब्ध असताना सगळ्यांना बाहेर ठेवणे हे समर्थनीय नाही.

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची आहे. ती सगळे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवते. मी अनेकदा रागावलो, पण ती ऐकत नाही. तिला कसे समजवावे?

उत्तर : आईवर रागावणे आधी थांबवा. वही पाहायची तर चोराला आपल्या घरात यावे लागते. दूर कोठेतरी बसून हजारो खात्यांवर एकाच वेळी चोरलेले पासवर्ड आजमावणाऱ्याला त्या वहीपर्यंत पोहोचता येत नाही. वहीमुळे जर आईंचा प्रत्येक ठिकाणचा पासवर्ड वेगळा आणि लांब असेल, तर स्मरणाच्या भरवशावर सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणाऱ्या पुष्कळ तरुणांपेक्षा त्या सुरक्षित आहेत. वही कपाटात राहू द्या, फोनच्या पिशवीत ठेवू देऊ नका, आणि मुख्य ईमेल व बँकेच्या नोंदींत आईंनाच ठाऊक असलेला एखादा शब्द लिहायचा गाळायला सांगा.

पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदला, त्यात एक मोठे अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह घाला, हा उपदेश ज्या मार्गदर्शिकेमुळे जगभर पसरला ती २००३ साली निस्टमध्ये बिल बर यांनी लिहिली होती. २०१७ साली, निवृत्तीनंतर, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो असे त्यांनी एका वृत्तपत्राला सांगितले, आणि त्याच वर्षीच्या सुधारित मार्गदर्शिकेने ठरावीक मुदतीने सक्तीने बदलण्याचा नियम सोडून दिला. कारण माणसे शेवटचा १ काढून २ घालत होती. चार-पाच असंबद्ध शब्दांचा पासवर्ड लांबही असतो आणि मोठ्या अक्षरात वहीत वाचायलाही बरा पडतो.

आता थोडे आपल्याविषयी. पत्राच्या शेवटी आपण लिहिले आहे की आईचा ओटीपी आपल्याच फोनवर येतो. आपला हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण रचनाकाराला सर्वच मुलांचा हेतू चांगला धरून चालत नाही. वृद्धांचा पैसा घरातल्याच माणसाने हडपल्याच्या घटना घडतात, आणि जोडीदाराचा फोन स्वतःच्या ताब्यात ठेवून त्याच्यावर पाळत ठेवणारेही असतात. म्हणून मदतनिसाला वेगळे लॉगइन देणारी, त्याला शिल्लक दिसेल पण पैसे काढता येणार नाहीत अशी मर्यादा घालता येणारी आणि ती परवानगी आईंना हवी तेव्हा काढून घेता येईल अशी सोय सेवेने द्यायला हवी. आपल्या बँकेकडे अशी सोय आहे का, याची चौकशी करा. आणि ओटीपी आईंच्या फोनवर परत न्या.

प्रश्न : माझे आयुष्य बांधकामावर गेले. बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. चेहरा दाखवायला सांगतात तेव्हा ‘डोळे मिचकवा, मान वळवा’ म्हणतात. माझ्या शेजाऱ्याचा एक डोळा कृत्रिम आहे, त्याची तर दर वेळी फजिती होते. शरीराचे पासवर्ड चांगले असे सगळे म्हणतात, मग आमचे काय?

उत्तर : सिमेंट, वीट, चुना यांत वर्षानुवर्षे काम केलेल्या हातांवरील ठशांच्या रेषा झिजतात, वयानेही त्या पुसट होतात आणि कर्करोगावरच्या काही औषधांनीही जातात. ठसा आणि चेहरा ही सोय म्हणून उत्तम आहे. एकमेव दार म्हणून ती ठेवणे चूक आहे, आणि तीही दुहेरी, कारण पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. पिन किंवा सुरक्षा किल्ली (लॉगइनसाठी जोडायचे छोटे उपकरण) असा समान दर्जाचा पर्याय मागणे हा आपला हक्क समजा. तो पर्याय देताना ‘आमच्या कार्यालयात प्रत्यक्ष या’ असे कोणी सांगत असेल तर तो समान दर्जाचा नव्हे. शेजाऱ्यांना सांगा की काही फोनमध्ये ‘नजर पडद्याकडे असावी’ ही अट सेटिंगमधून बंद करता येते. तसे केल्यास ते झोपेत असताना कोणी फोन चेहऱ्यासमोर धरून उघडू शकेल एवढा धोका मात्र त्यांनी जाणून घ्यावा.

प्रश्न : मी कर्णबधिर आहे. खाते बंद पडल्यावर ओळख पटवण्यासाठी ‘आम्ही फोन करू’ एवढाच मार्ग दिला जातो. बहीण माझ्या जागी बोलते. याला उपाय काय?

उत्तर : आपल्या जागी बहीण बोलते आणि समोरचा तिलाच आपण समजून ओळख पटल्याचे लिहून घेतो, म्हणजे ही तपासणी कशाचीच तपासणी करत नाही. शिवाय आवाजाची हुबेहूब नक्कल आता संगणक करतो. मजकुराद्वारे संवाद, सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह व्हिडिओ कॉल किंवा आधीच काढून ठेवलेले पुनर्प्राप्तीचे (खाते परत मिळवण्याचे) कोड, यांतील एक तरी मार्ग लेखी मागा. कोड मिळत असतील तर ते आजच छापून ठेवा. खाते बंद पडल्यावर ते काढता येत नाहीत.

प्रश्न : मी इंटरफेस डिझायनर आहे. आमच्या चमूत कोणी अपंग नाही आणि चाचणीसाठी निधीही बेताचा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : लॉगइनपासून करा, कारण तेथे अडलेला माणूस पुढची सुगम पाने पाहायला येतच नाही. थोडक्या माणसांच्या चाचणीतूनही पुष्कळ कळते याचा आधी पुरावा हवा असेल तर १९९९ सालचा एक प्रयोग पुरेसा आहे. आल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी १२ जणांना एक नावाजलेले कूटलेखनाचे सॉफ्टवेअर देऊन ९० मिनिटांत सुरक्षित ईमेल पाठवायला सांगितले होते. त्यांतील तिघांनी गोपनीय मजकूर चुकून उघडाच पाठवला. बारा माणसांत एवढे कळते, आणि त्यांना तर सर्वांना वाचता आणि माउस धरता येत होते.

मागच्या वर्षी मी एका परिचित बाईंच्या शेजारी बसून त्यांचे लॉगइन पाहिले. त्या फोन मांडीवर उपडा ठेवल्यासारखा धरतात, पडदा काळा असतो आणि कानात एकच इअरफोन. ओटीपीसाठी सहा वेगळे चौकोन होते. स्क्रीन रीडर प्रत्येक चौकोनाला ‘संपादन चौकट, रिकामी’ म्हणत होता, कितवी ते सांगत नव्हता. त्यांनी संदेशात जाऊन कोड ऐकला, पुटपुटत परत आल्या, तिसऱ्या चौकोनावर दुसऱ्या संदेशाची घंटा वाजली आणि आकडे विसरले. चौथ्या खेपेला खाते २४ तासांसाठी बंद झाले. त्यावर पडद्यावर लाल रंगाची चौकट उमटली, ती मला दिसली; त्यांना काहीच ऐकू आले नाही, आणि त्या पुढेही कोड भरत राहिल्या.

एवढ्या एका बैठकीतून आपल्या कामाची यादी तयार होते. सहा चौकोनांऐवजी एकच रकाना ठेवावा आणि त्याला ‘एकदाच वापरायचा कोड’ अशी खूण आतून द्यावी, म्हणजे फोन स्वतःच कोड सुचवतो. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला, म्हणजे लॉगइनचे कोड फोनवरच तयार करणाऱ्या अ‍ॅपमधला, कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो, पण नुकताच बदललेला आधीचा कोडही स्वीकारण्याची मुभा अशा कोडच्या मानकातच आहे, ती वापरावी. चूक केवळ रंगाने दाखवू नये. शब्दांत लिहावी आणि ती स्क्रीन रीडरने आपणहून बोलावी अशी योजना करावी. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील रंगभेदाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. बटने किमान २४ पिक्सेल लांबरुंद असावीत, थरथरत्या बोटासाठी त्याहून मोठी.

चाचणीसाठी पाच-सहा माणसे बोलवा, त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या आणि त्यांनी त्यांचीच उपकरणे आणावीत असे सांगा, कारण स्क्रीन रीडरचा वेग आणि सवयी ज्याच्या त्याच्या असतात. तोपर्यंत निदान एवढे करा: फोनचा स्क्रीन रीडर सुरू करा, पडदा झाका आणि स्वतःच्या अ‍ॅपमध्ये शिरून दाखवा. त्या बाईंच्या पडद्यावर ‘प्रमाणीकरण अयशस्वी, त्रुटी ४०३’ असे लिहिले होते. त्याजागी ‘कोड चार वेळा चुकला, म्हणून खाते उद्या सकाळी ९ पर्यंत बंद केले आहे, आपले पैसे सुरक्षित आहेत, आत्ताच उघडायचे असल्यास या क्रमांकावर संदेश पाठवा’ असे लिहायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहा.